वाचक विचारतात : ताऱ्याचा पत्ता मोजायचा कुठून?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न आकड्यांवर होते. ॲपमधले आकडे, दुर्बिणीच्या चकतीवरचे आकडे, पंचांगातले आकडे. म्हणून बाकीचे सगळे पुढच्या खेपेला ढकललेत, आज फक्त आकाशातले पत्ते.

"दिवाळीत मुलाला दुर्बीण घेतली, तिरक्या दांड्याच्या स्टँडवाली. स्टँडवर दोन गोल चकत्या आहेत, एकीवर ० ते २४ आणि दुसरीवर ० ते ९०. ॲपमध्ये देवयानी दीर्घिकेपुढं ० तास ४३ मिनिटं आणि अधिक ४१ अंश १६ मिनिटं असं येतं. पोरगा विचारतो ताऱ्याला तास-मिनिटं कशाला? आणि तारा रात्रभर सरकतो तर आकडा तोच कसा राहतो?" (शाहूपुरी, सातारा)

पोरगा बरोबर जागी अडलाय. मला हे कळायला दोन हिवाळे लागले होते, त्यामुळं तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

तुम्ही पाहुण्याला घरचा पत्ता फोनवर कसा सांगता? राजवाड्याकडं तोंड करून उभं राहा, डाव्या हाताची दुसरी बोळ, पुढं पिठाची गिरणी. आता पाहुणा राजवाड्यापुढं उभा असेल तर ठीक, पण तो पोवई नाक्यावर उतरला असेल तर डावं-उजवं सगळं फिसकटलं. तुमच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर मात्र पाहुणा कुठंही उभा असो, आहे तोच. आकाशात पण असे दोन पत्ते चालतात आणि लोकांचा घोटाळा होतो तो या दोन्हींची मिसळ केल्यामुळं.

पहिला पत्ता तुमच्या गच्चीवरून मोजलेला. तारा क्षितिजापासून किती वर आहे तो उन्नतांश, आणि उत्तरेपासून पूर्वेकडं फिरत गेलं तर किती अंशावर आहे तो दिगंश. उत्तर शून्य, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. सोपा आहे, मुठीनं मोजता येतो, हात सरळ ताठ धरला तर एक मूठ साधारण १० अंश आणि करंगळीची रुंदी एक अंश, लहान मुलाची मूठ छोटी पण हातही तेवढाच आखूड म्हणून त्याचाही हिशोब जमतो. पण हा पत्ता पाच मिनिटांत शिळा. आणि तुमचा आकडा मी कोल्हापुरात बसून वापरला तर तिथं पण चुकणार.

दुसरा पत्ता हा गट नंबर. पृथ्वीचं विषुववृत्त तसंच बाहेर ताणत आकाशापर्यंत नेलं असं समजा, आणि दोन्ही ध्रुवही तसेच वर नेले, म्हणजे आकाशाला आतून अक्षांश-रेखांशांची जाळी चिकटवल्यासारखं झालं. त्या विषुववृत्तापासून तारा उत्तरेला किंवा दक्षिणेला किती, ती त्याची क्रांती. उत्तरेला अधिक, दक्षिणेला उणे. तुमचे ते ४१ अंश १६ मिनिटं म्हणजे हेच. आणि आडवं माप म्हणजे विषुवांश, ते तासांत देतात. ही जाळी ताऱ्यांबरोबरच फिरते, म्हणून तारा उगवला काय मावळला काय, आकडा हलत नाही.

आता तास का. आकाश एका दिवसात एक फेरी मारतं, नेमकं सांगायचं तर २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत. ३६० अंश भागिले २४, म्हणजे तासाला १५ अंश. तुमच्या डोक्यावरून उत्तर-दक्षिण अशी एक रेघ ओढा, तिला याम्योत्तर म्हणतात, आणि ती रेघ म्हणजे एसटी स्टँड आहे असं पोराला सांगा. शून्य तासवाली जागा त्या रेघेवरून गेली की त्यानंतर ४३ मिनिटांनी देवयानी तिथून जाणार. व्याध ६ तास ४५ मिनिटांनी. चित्रा १३ तास २५ मिनिटांनी. विषुवांश म्हणजे ताऱ्यांचं वेळापत्रकच आहे, आणि वेळापत्रक अंशात कोण छापतं?

हे वेळापत्रक घड्याळाशी जुळवायची एक गावठी पद्धत आहे, ती पाठ करा. २१-२२ सप्टेंबरच्या मध्यरात्री शून्य तास डोक्यावरच्या रेघेवर असतो, तिथून पुढं दर महिन्याला दोन तास वाढवायचे, कारण तारे रोज चारेक मिनिटं लवकर येतात. डिसेंबरच्या २१-२२ ला मध्यरात्री ६ तास, मार्चच्या अखेरच्या आठवड्याआधी १२. फक्त मध्यरात्र आपल्या गावची धरायची. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि सातारा आहे ७४ अंशांवर, साडेआठ अंश मागं, म्हणजे ३४ मिनिटं. साताऱ्याची खरी मध्यरात्र घड्याळात १२ वाजून ३४ मिनिटांनी होते. असा हिशोब लावला तर नोव्हेंबरच्या मध्यात देवयानी रात्री पावणेदहाच्या सुमाराला याम्योत्तरावर येते, डोक्यापासून उत्तरेला अडीच मुठींच्या आतबाहेर. (लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते म्हणून त्या रात्री बघायला जाऊ नका, अंधार असतो पण फटाक्यांच्या धुरात काही दिसत नाही, करून बघितलंय.)

आणि एक, ० तास ४३ मिनिटं यातली मिनिटं वेगळी आणि ४१ अंश १६ मिनिटं यातली मिनिटं वेगळी. पहिली घड्याळाची, दुसरी अंशाचा साठावा भाग. घड्याळाचं एक मिनिट म्हणजे अंशाची १५ मिनिटं. यात भलेभले गंडतात.

आता तुमच्या स्टँडबद्दल. तो तिरका दांडा आकाशाच्या ध्रुवाकडं रोखला गेला पाहिजे, म्हणजे जमिनीशी तुमच्या अक्षांशाएवढा कोन, साताऱ्यात साडेसतरा-पावणेअठरा अंश. एवढं जमलं की एकच बटन किंवा दांडी फिरवून तारा रात्रभर नळीत धरता येतो. माझा स्टँड आला तेव्हा कारखान्यातून ४० अंशांवर लावलेला होता, थंड देशांतल्या गिऱ्हाइकासाठी असणार, आणि मला वाटलं कंपनीनं लावलंय म्हणजे बरोबरच असेल. मग दांड्याच्या समोर जो बरा तारा दिसला तो ध्रुव समजून अख्खी थंडी घालवली. ध्रुवतारा साताऱ्यातून दोन मुठींपेक्षाही खालीच असतो, आणि तो काही फार झगझगीत नाही, उत्तरेकडच्या धुरकटात शोधावा लागतो. तुमचा स्टँड कितीवर आहे ते आजच बघा. १७-१८ वर आणला की त्याचं वजन कधीकधी तिपाईच्या पायाला धडकतं, तेव्हा एक पाय बरोबर दक्षिणेला आणि वजन उत्तरेकडच्या दोन पायांच्या मध्ये येईल असं बघायचं.

चकत्यांवर फार भरवसा ठेवू नका, छोट्या चकतीत एक-दोन अंशांची चूक सहज राहते. त्यापेक्षा असं करा. महाश्व तारकासमूहातला चार ताऱ्यांचा मोठा चौकोन ओळखायला सोपा, त्याचा ईशान्येकडचा कोपरा म्हणजे उत्तरा भाद्रपदाचा एक तारा, विषुवांश ० तास ८ मिनिटं, क्रांती अधिक २९ अंश ५ मिनिटं. दुर्बीण त्याच्यावर लावा, तारा बरोबर मध्ये आणा आणि मगच तासांची चकती फिरवून ० तास ८ मिनिटांवर ठेवा. आता देवयानी तिथून ३५ मिनिटं पूर्वेला आणि १२ अंश उत्तरेला. तेवढंच सरकायचं. डोळा लावतो तिथं सगळ्यात कमी ताकदीची भिंगकांडी लावा आणि वाटोळी तबकडी दिसेल अशी आशा धरू नका, ओल्या बोटानं पाटीवर पुसल्यासारखा एक धुरकट डाग दिसतो. तो २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे. पोराला दिसल्यावर कळवा.

"आम्ही माची पेठेत राहतो. आजोबा म्हणायचे अगस्त्य उगवला की पाणी निवळतं. पण आमच्या गच्चीवरून अगस्त्य आम्ही कधीच बघितला नाही. ॲप म्हणतं समोर आहे. ॲप खोटं का?" (सातारा)

ॲप खरं आहे, तुमच्या पुढ्यात अजिंक्यतारा आहे एवढंच.

गणित करून बघू, इथं दुसऱ्या पत्त्यावरून पहिला कसा काढायचा ते पण कळेल. अगस्त्याची क्रांती उणे ५२ अंश ४२ मिनिटं. साताऱ्याचा अक्षांश १७ अंश ४१ मिनिटं. दक्षिणेकडचा तारा जास्तीत जास्त किती वर चढणार तर ९० मधून दोन्ही वजा, राहिले साधारण साडेएकोणीस अंश. दोन मुठी. बास, वर्षातल्या कुठल्याही रात्री, कुठल्याही वेळी, साताऱ्यातून अगस्त्य याच्यावर जात नाही. आणि तुमच्या दक्षिणेला किल्ला असा अंगावर आलेला आहे की पायथ्यावरून त्याचा माथा दोन मुठींना सहज झाकतो. स्वतः मूठ धरून बघा, दक्षिणेकडं तोंड करा, खालची मूठ डोळ्यांच्या रेषेत, तिच्यावर दुसरी. दुसऱ्या मुठीच्या वर अजून डोंगरच असेल तर त्या गच्चीवरून अगस्त्य विसरा.

उपाय सोपा, शहर ओलांडून उत्तरेला जा. वाढे फाट्याच्या बाजूला एखाद्या अंधाऱ्या शेताच्या बांधावर उभं राहिलं की तोच किल्ला चार-पाच किलोमीटरवर जातो आणि अर्ध्या मुठीचाही राहत नाही, अगस्त्य त्याच्या कितीतरी वर मोकळा दिसतो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री दहाला जा. आधी व्याध शोधा, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, त्याच्या खाली साडेतीन मुठींवर जो दुसऱ्या नंबरचा तेजस्वी तारा तो अगस्त्य. दोघांच्या विषुवांशात फक्त २१ मिनिटांचा फरक आहे म्हणून ते जवळजवळ एकाच उभ्या रेघेत येतात, अगस्त्य थोडा आधी. पाणी निवळायचं म्हणाल तर अगस्त्य पावसाळा सरताना पहाटेला दिसायला लागतो आणि त्याच सुमाराला नद्यांचा गढूळपणा पण कमी होतो, आजोबांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं.

"वडील पंचांग बघतात आणि मी ॲप. ॲपमध्ये १४ जानेवारीला सूर्य धनु राशीत दाखवतो, वडील म्हणतात मकरेत गेला. शिवाय उत्तरायण २२ डिसेंबरलाच सुरू होतं असं शाळेत शिकवतात. घरात रोज वाद. कोण बरोबर?" (वाई)

तिघंही बरोबर, आणि तुमच्या घरचा वाद दीडशे वर्षांचा जुना आहे, जेवताना करू नका.

आधी ॲपचं बघू. ॲप ज्या राशी दाखवतं त्या तारकासमूहांच्या हद्दी आहेत, १९३० साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं ठरवलेल्या, लहानमोठ्या, गावच्या शिवेसारख्या वेड्यावाकड्या. पंचांगाच्या राशी मात्र ३० अंशांच्या सारख्या बारा फोडी. त्यामुळं या दोन्हींत काही दिवसांचा फरक राहणारच.

खरा पेच आहे तो शून्य कुठं धरायचा याचा. ताऱ्यांचा विषुवांश मोजायचा तर सुरुवात पाहिजे. ती वसंतसंपातापासून करतात, म्हणजे २०-२१ मार्चला सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतो ती जागा. पण ही जागा ताऱ्यांच्या मानानं मागं सरकते, वर्षाला सुमारे ५० विकला (विकला म्हणजे अंशाच्या मिनिटाचा साठावा भाग), म्हणजे एक अंश सरकायला ७२ वर्षं आणि पूर्ण फेरीला जवळपास २६ हजार वर्षं. कारण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. ज्यांनी शून्य या सरकत्या संपाताला बांधला ते सायनवाले, ज्यांनी ताऱ्यांना बांधला ते निरयनवाले. दोन्हींत आज २४ अंशांचा फरक पडलाय, सूर्याला तेवढं चालायला २४ दिवस लागतात, म्हणून शाळेतलं उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ ला आणि वडिलांची संक्रांत १४-१५ जानेवारीला. वाद मिटला? नाही, कारण निरयनवाल्यांत पण शून्य कुठल्या ताऱ्यापासून यावर दोन तट आहेत. चित्रा ताऱ्याला १८० अंश धरणारे एक, आणि रेवतीच्या ताऱ्याला शून्य धरणारे दुसरे, टिळक पंचांग या दुसऱ्यांत मोडतं आणि त्याच्या तारखा चार दिवसांनी वेगळ्या येतात. टिळकांनी या सरकत्या संपाताचा वापर करून वेदांचा काळ काढायचा प्रयत्न केला, 'ओरायन' १८९३ साली आलं, संपात मृगशीर्षाच्या भागात होता तेव्हाचे उल्लेख त्यांनी शोधले. त्यांचा काळ सगळ्यांना पटला असं नाही, पण आकाशाची जाळी घड्याळासारखी उलटी फिरवायची कल्पना भारी होती हे मान्य करायला पाहिजे.

माझं मत विचाराल तर ऋतूंसाठी सायन बरं आणि ताऱ्यांसाठी निरयन बरं, भांडण नाही. दुर्बीणवाल्यांना यातून एकच गोष्ट लागते. ताऱ्यांच्या याद्यांवर २००० असा सन छापलेला असतो, म्हणजे हे पत्ते त्या सालच्या जाळीवरचे. पंचवीस वर्षांत देवयानीची क्रांती ८ कलांनी (कला म्हणजे अंशाचं मिनिट) वाढली, चंद्राच्या रुंदीच्या पाव भागाएवढी. नुसत्या डोळ्यांना काही फरक नाही, चकत्यांना पण नाही. जुन्या बाजारात १९५० सालचे नकाशे मिळतात, तेवढे मात्र बघून घ्या.

"मोबाईल आकाशाकडं धरला की ॲप गुरूला भलतीकडंच दाखवतं, वीस-पंचवीस अंश चुकतं." (कराड)

स्लॅबवर उभे असाल. स्लॅबमधल्या सळ्या, शेजारी टाकीचा लोखंडी सांगाडा, मोबाईलच्या कव्हरमधलं लोहचुंबक, यातलं काहीही होकायंत्राला बिघडवतं. कव्हर काढा, अंगणात या, मोबाईल हवेत इंग्रजी आठ काढल्यासारखा फिरवा. तरी चुकलं तर ॲपमधलं होकायंत्र बंद करा आणि चंद्र किंवा ओळखीच्या ताऱ्यावरून नकाशा हातानं जुळवा. चूक फक्त दिगंशाची असते, विषुवांश आणि क्रांती ॲप बरोबरच देतं.

"नकाशाच्या पुस्तकात सगळ्या ताऱ्यांचे विषुवांश आहेत पण चंद्राचा कुठंच नाही. विसरले का?" (इयत्ता आठवी, इस्लामपूर)

विसरले नाहीत बाळा, छापून उपयोग नाही. चंद्र ताऱ्यांमधून दिवसाला १३ अंश सरकतो, म्हणजे तासाभरात साधारण स्वतःच्या रुंदीएवढा. पुस्तक छापखान्यातून बाहेर पडेपर्यंत तो दुसऱ्या राशीत. ग्रहांचं पण तसंच, फक्त सावकाश. म्हणून त्यांच्या पत्त्यांची दर वर्षी वेगळी कोष्टकं करतात. तू एक कर, चंद्राजवळचा एखादा तारा बघून ठेव आणि दोन तासांनी परत बघ.

"सांगलीत बरोबर डोक्यावर येणारा तारा कुठला? दुर्बीण नाही, ॲप नको, असंच बघायचंय." (विश्रामबाग, सांगली)

हा प्रश्न मला फार आवडला. ज्या ताऱ्याची क्रांती गावच्या अक्षांशाएवढी, तो तारा त्या गावच्या बरोबर डोक्यावरून जातो. सांगलीचा अक्षांश १६ अंश ५१ मिनिटं. आणि रोहिणीची क्रांती आज १६ अंश ३३ मिनिटांच्या आसपास. फरक १८ मिनिटं, चंद्राच्या रुंदीपेक्षाही कमी. नशीबवान गाव आहे तुमचं, पहिल्या प्रतीचा लालसर तारा अगदी टाळूवरून जातो. आम्हा सातारकरांना तो एक अंशाहून जास्त दक्षिणेला पडतो, आमच्या डोक्याजवळून स्वाती जातो पण तो पण दीड अंश उत्तरेला.

कधी बघायचं? रोहिणीचा विषुवांश ४ तास ३६ मिनिटं, वरचा हिशोब लावला की संक्रांतीच्या रात्री साडेनऊ-पावणेदहाच्या दरम्यान. तिळगूळ वाटून झालं की गच्चीवर जा. मान वर करून अंदाज घेऊ नका, मान दुखते आणि दहा अंश चुकतं, खरं डोक्यावर कुठं ते माणसाला उभं राहून कधीच कळत नाही. गवंड्याचा ओळंबा आणा, तो कपडे वाळत घालायच्या उंच दांडीला बांधून सोडा, खाली चटई टाका आणि डोकं ओळंब्याच्या बरोबर खाली येईल असं आडवं व्हा. दोरीच्या वरच्या टोकाला बघत राहायचं. रोहिणी पूर्वेकडून सरकत येते आणि दोरीला चाटून पश्चिमेला जाते, चार मिनिटांत एक अंश, त्यामुळं सरकताना कळतं सुद्धा.

हाच खेळ दिवसा पण आहे. सूर्याची क्रांती ७ मेच्या सुमाराला सांगलीच्या अक्षांशाएवढी होते, त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या जरा आधी उभ्या दांड्याची सावली नाहीशी होते, साताऱ्यात हे तीन दिवसांनी, १० मेच्या सुमाराला. ऑगस्टच्या सुरुवातीला परत होतं पण तेव्हा ढगांत सूर्यच कुठं असतो.

ओळंबा नसला तर दोरीला कुलूप बांधा, चालतं. फक्त गाठ नीट मारा, खाली तुमचं डोकं आहे.